अठ्ठीची जोडी आणि मंगला एक्सप्रेस

हातात अठ्ठीची जोडी. एक इस्पिकची, एक चौकटची. समोर ३३,००० च्या चिप्स. ब्लाइंड १,५०० आणि ३,०००, म्हणजे माझ्याकडे बरोब्बर अकरा बिग ब्लाइंड. ऐंशी जणांनी सुरुवात केली होती, त्यातले सतरा उरलेत. बक्षीस पहिल्या दहांना. माझ्या आधीच्या सगळ्यांनी पत्ते टाकलेत आणि माझ्या मागे फक्त तिघे आहेत, बटणवाला आणि दोन ब्लाइंडवाले. स्थळ: पणजी, मांडवीत उभी असलेली एक कॅसिनोची बोट. वेळ: रात्रीचे साडेअकरा.

आणि मी काय केलं? सात हजारांचा एक छानसा, सभ्य, मध्यमवर्गीय रेझ केला.

पोकर न खेळणाऱ्यांसाठी दोन ओळी. (बाकीच्यांनी हा परिच्छेद सोडून द्या.) प्रत्येकाला दोन बंद पत्ते मिळतात आणि टेबलावर मध्ये पाच उघडे पत्ते येतात. पहिल्यांदा तीन एकदम, त्याला फ्लॉप म्हणतात, मग एक, मग आणखी एक. सातांतले उत्तम पाच ज्याचे, तो जिंकला. टुर्नामेंटमध्ये एकदा एंट्री फी भरली की मिळालेल्या चिप्स संपेपर्यंत खेळायचं, संपल्या की घरी. दर डावाला दोघांना सक्तीने चिप्स टाकाव्या लागतात, ते स्मॉल ब्लाइंड आणि बिग ब्लाइंड. शिवाय बिग ब्लाइंडवालाच सगळ्या टेबलाची अँटी भरतो. हे आकडे दर वीस मिनिटांनी वाढत जातात. त्यामुळे तुम्ही नुसते बसून राहिलात तरी तुमचा स्टॅक बर्फाच्या गोळ्यासारखा वितळत असतो.

तर मी सात हजार केले. बटणवाल्याने टाकले, स्मॉल ब्लाइंडने टाकले. बिग ब्लाइंडला कोल्हापूरचे एक काका होते. त्यांनी दोन क्षण माझ्याकडे बघितलं आणि चार हजार आणखी सरकवले. फ्लॉप आला राजा, गुलाम, चौकी. काकांनी न थांबता ९,००० लावले. आता माझ्या अठ्ठ्या म्हणजे लग्नात आलेल्या लांबच्या पाहुण्यासारख्या. हाकलता येत नाही आणि जेवायला कुठे बसवायचं तेही कळत नाही. मी मिनिटभर विचार केल्याचं नाटक केलं आणि पत्ते टाकले.

उरले २६,०००. दोन-तीन डावांत लेव्हल बदलली, ब्लाइंड २,०००-४,००० झाले. म्हणजे माझ्याकडे साडेसहा ब्लाइंड. एका फेरीत दोन्ही ब्लाइंड आणि अँटी मिळून दहा हजार गेले. सोळा हजार, चार ब्लाइंड. मग बटणावर राजा-छक्की आली तेव्हा डोळे मिटून सगळं पुढे ढकललं. बिग ब्लाइंडच्या मुलाने नव्वी-सत्तीवर कॉल केला. कॉल करताना म्हणालाही, की आता एवढ्यासाठी काय पत्ते टाकायचे. सत्ती आली. चौदावा नंबर. नमस्कार.

नंतर डेकवर काका भेटले. सिगारेट पेटवत म्हणाले, "माझ्याकडं गुलाम-दश्शी होती. सगळं ढकललं असतंस तर मी पानं टाकली असती की!"

या एका वाक्याने माझी झोप उडाली. परतीच्या प्रवासात मडगावपासून नाशिकरोडपर्यंत मी मंगला एक्सप्रेसच्या वरच्या बर्थवर पडून हाच हिशोब करत होतो. तो हिशोब आणि त्यातून झालेलं माझं मत इथे लिहितोय. मत असं आहे की, छोट्या स्टॅकवर मधली जोडी (छक्कीपासून नव्वीपर्यंत) आली आणि आपल्या आधी कोणी डाव उघडलेला नसेल, तर दोनच गोष्टी करता येतात. सगळं ढकला किंवा पत्ते टाका. "थोडं लावून बघू" हा तिसरा पर्याय मुळात अस्तित्वातच नाही. तो फक्त आपल्याला दिसतो.

आता लगेच कोणीतरी म्हणेल, अरे पण तू ढकललं असतंस आणि काकांकडे राजा-गुलाम असते तर? तर त्यांनी कॉल केला असता, हाच फ्लॉप आला असता आणि मी तिथेच संपलो असतो. मान्य. आलेले पत्ते बघून डाव बरोबर होता की चूक हे ठरवायचं नसतं. प्रॉडक्शनला बग आला नाही म्हणजे कोड बरोबर होता असं नाही, हे आपल्या धंद्यातल्या लोकांना तरी वेगळं सांगायला नको :-)

म्हणून पत्ते सोडून आकडे बघू.

अठ्ठीपेक्षा मोठी पानं सहा प्रकारची, नव्वीपासून एक्क्यापर्यंत. फ्लॉपच्या तीन पानांत त्यातलं निदान एक येण्याची शक्यता आहे ८७ टक्के. सत्तीची जोडी असेल तर ९२. नव्वीची असेल तरी ७९. म्हणजे "फ्लॉप बघू आणि मग ठरवू" म्हणणारा माणूस बहुतेक वेळा असा फ्लॉप बघणार आहे, जो बघून त्याला काहीच ठरवता येणार नाही. तिसरी अठ्ठी फ्लॉपवर लागण्याची शक्यता पावणेबारा टक्क्यांच्या आसपास, साडेआठ वेळात एकदा. मोठे स्टॅक असतात तेव्हा लोक या एका वेळेसाठी स्वस्तात कॉल करून बसतात आणि ते बरोबरही असतं, कारण लागली की समोरच्याचा डोंगर मिळतो. पण अकरा ब्लाइंडला डोंगर कुठला? समजा कोणी २.२ ब्लाइंडचा रेझ केला आणि मी कॉल करत गेलो. एकदा लागण्यासाठी सरासरी साडेसात वेळा हुकणार, म्हणजे साडेसोळा ब्लाइंड गेले. आणि लागेल तेव्हा समोरच्याने शेवटच्या चिपपर्यंत सगळं दिलं तरी मिळणार साडेतेरा. हा धंदा नुकसानीचा आहे हे कळायला इंजिनिअरिंगची डिग्री लागत नाही.

आता ढकलण्याचा हिशोब. मुद्दाम आपल्या विरुद्ध धरू. मागच्या तिघांपैकी कोणीतरी दर दहात तीन वेळा कॉल करतं आणि कॉल झाल्यावर मी फक्त ४२ टक्के जिंकतो, असं माना. सात वेळा सगळे पत्ते टाकतात आणि मला मधले अडीच ब्लाइंड (अर्धा, एक आणि अँटीचा एक) फुकट मिळतात. कॉल झाला, समजा बिग ब्लाइंडचाच, तर मी जिंकलो की साडेबारा मिळतात, हरलो की अकरा जातात. त्या तीन वेळांत सरासरी १.१ ब्लाइंडचा तोटा. दोन्ही एकत्र केलं तर दर वेळी १.४ ब्लाइंडचा फायदा. म्हणजे कॉल झाला की मी हरण्याच्या बाजूला आहे, आणि तरीही एकूण व्यवहार नफ्याचा! कॉलचं प्रमाण तीनावरून पाचावर नेलं तरी पाऊण ब्लाइंडच्या आसपास उरतोच.

हे कसं होतं ते नीट बघण्यासारखं आहे, कारण माझी चूक नेमकी इथेच आहे. अठ्ठीची जोडी विरुद्ध एक्का-राजा, यात अठ्ठी साधारण ५५ टक्के जिंकते. सगळे याला नाणेफेक म्हणतात आणि घाबरतात. काकांच्या गुलाम-दश्शीचंही तसंच, पत्ते माझ्यापेक्षा खालचे म्हणायचे, पण त्यात जवळपास निम्मा डाव त्यांचा होता. मी सगळं ढकललं असतं तर काकांनी हा जवळपास निम्मा हक्क पत्त्यांबरोबर मुकाट्याने फेकून दिला असता. मी सात हजार केले म्हणून त्यांना चार हजारांत तो हक्क विकत मिळाला. एक्क्यांची जोडी असेल तर समोरचा टिकावा असं वाटतं. अठ्ठीला वाटलं पाहिजे की समोरचा निघून जावा. एक्के कॉलवर जगतात, अठ्ठी फोल्डवर. मी अठ्ठी एक्क्यांसारखी खेळलो.

आणि ती भीती, की मागे कोणाकडे मोठी जोडी असली तर? असते ना कधीकधी. मागे तिघे असतील तर त्यांच्यात कोणाकडे तरी दश्शी-राणी-राजा असली अठ्ठीहून मोठी जोडी असण्याची शक्यता ९ टक्क्यांच्या आसपास. मागे आठ जण असतील तर २१. म्हणून जागा महत्त्वाची. पहिल्या जागेवरून, पंधरा ब्लाइंड असताना, छक्कीची जोडी मी आजही निमूट टाकतो. आपल्या आधी एखाद्या शांत माणसाने पहिल्या जागेवरून रेझ केला असेल तरीही टाकतो. इथे डेव्हिड स्क्लान्स्कीने २००२ च्या पुस्तकात मांडलेला जुना फंडा लागू होतो. डाव स्वतः उघडायला जेवढे चांगले पत्ते लागतात, त्याहून चांगले पत्ते दुसऱ्याने उघडलेल्या डावात शिरायला लागतात. कारण पहिला ढकलणाऱ्याला जिंकायचे दोन रस्ते असतात, सगळे टाकतील किंवा आपण लढाई जिंकू. कॉल करणाऱ्याला एकच रस्ता.

"जरा थांबू, दश्शीच्या वरची जोडी येईल" याचंही उत्तर आकड्यात आहे. पुढच्या नऊ डावांत दश्शी किंवा त्यावरची जोडी येण्याची शक्यता जेमतेम १९ टक्के. एक्का-राजाही धरला तरी २७. आणि या नऊ डावांची किंमत? माझ्या त्या टेबलावर ७,५००. प्रत्यक्ष टेबलावर डीलर पत्ते पिसतो, वाटतो, चिप्स मोजतो, कोणी वेटरला हाक मारतं, तासाला पंचवीस-तीस डाव होतात. लेव्हल वीस मिनिटांची. म्हणजे एका फेरीत एक लेव्हल गेलीच. ३३,००० मधून ७,५०० गेले, उरले २५,५०० आणि ब्लाइंड झाला ४,०००. अकराचे ६.४ झाले, आणि हे एकही डाव न हरता. डॅन हॅरिंग्टन (१९९५ चा वर्ल्ड सिरीजचा विजेता) आपल्या २००५ च्या पुस्तकात यासाठी "एम" वापरतो. स्टॅक भागिले एका फेरीचा खर्च. पाचाच्या खाली आलात की लाल दिवा. माझा एम होता ४.४. लाल दिव्यात मी सभ्य रेझ करत होतो.

शिवाय स्टॅक लहान होतो तशी त्याची धमकीही लहान होते. अकरा ब्लाइंड पुढे ढकलले तर बिग ब्लाइंडला आणखी दहा द्यावे लागतात, त्याला ४३ टक्के तरी जिंकण्याची खात्री हवी. चार ब्लाइंड ढकलले की त्याला फक्त तीन द्यायचेत, ३२ टक्के पुरतात. म्हणून त्या मुलाने नव्वी-सत्तीवर कॉल केला, आणि तो बरोबरच होता. मी चांगल्या पत्त्यांवर ढकललं नाही तेव्हा माझं ढकलणं जड होतं, आणि वाईट पत्त्यांवर ढकललं तेव्हा ते हलकं झालं होतं.

बरं, यातलं काहीच मला माहीत नव्हतं असं आहे का? अजिबात नाही! आकडेमोड माझी तोंडपाठ होती. आम्ही पाच जण दर शनिवारी रात्री गंगापूर रोडवरच्या एका मित्राच्या फ्लॅटवर बसतो. पैसे लावत नाही, शेवटचा आलेला सगळ्यांना रविवारी मिसळ खिलवतो. तिथे अकरा ब्लाइंडवर अठ्ठी आली की मी ती डोळे झाकून ढकलतो. मग पणजीत काय झालं?

मंगला एक्सप्रेस झाली.

२०२५ च्या ऑगस्टपर्यंत मी फोनवर खेळायचो. पन्नास-शंभर रुपयांच्या टुर्नामेंट, ऑफिसातून आल्यावर. तिथे एका टेबलला तासाला साठेक डाव व्हायचे. छक्की ते नव्वीतली कुठलीतरी जोडी सरासरी पंचावन्न डावांत एकदा येते, म्हणजे रोज रात्री एकदा तरी. चुकलं की दुसरी टुर्नामेंट उघडायची. २२ ऑगस्ट २०२५ ला ऑनलाइन गेमिंगच्या कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली आणि पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद झाले. कौशल्याचा खेळ की नशिबाचा, हा प्रश्नच त्या कायद्याने ठेवला नाही. महाराष्ट्रात कॅसिनो नाहीच. १९७६ मध्ये त्याचा एक कायदा केला होता, तो कधी लागू झालाच नाही आणि २०२३ मध्ये रद्दही झाला. उरलं गोवा. म्हणजे रजा टाका, तिकीट काढा, लॉज बघा, एंट्री फी भरा. सगळं मिळून माझ्या बाइकचा महिन्याचा ईएमआय. आणि हे सहा महिन्यांतून एकदा.

मग टेबलावर बसल्यावर डोक्यात काय चालतं? "एवढ्या लांबून आलोय, एका डावात कसं बाहेर जायचं?" प्रत्यक्ष टेबलावर मधली जोडी दोन तासांत एकदा येते, म्हणून ती आल्यावर जीव लावला जातो. एवढी वाट बघून आलेली गोष्ट एका झटक्यात उधळायची? जरा बघू तरी फ्लॉप! पण रेल्वेचं तिकीट पत्त्यांना माहीत नसतं. मी नाशिकहून आलो काय किंवा पणजीच्या चर्चसमोरून चालत आलो काय, अठ्ठीला त्याचा पत्ता नाही. अर्थशास्त्रात याला बुडीत खर्च म्हणतात. हे मला सेमिस्टरला होतं, पेपरात प्रश्नही आला होता आणि मी तो लिहिलाही होता. असो.

माझा अंदाज असा आहे की ऑनलाइन बंद झाल्यापासून आमच्यासारखे अधूनमधून जाणारे लोक टेबलावर जास्त भित्रे झालेत. त्या रात्री माझ्या टेबलावर असे तिघं तरी होते. स्टॅक वितळवत बसलेले, चेहऱ्यावर "उद्या परतीची गाडी आहे" असे भाव. आणि पणजीचे नेहमीचे लोक आमच्या ब्लाइंडवर आरामात जगत होते. काका कोल्हापूरचे असले तरी महिन्यातून दोनदा येतात म्हणे. एका टुर्नामेंटची त्यांना काही किंमत नाही, म्हणूनच ते ती चांगली खेळतात.

आता माझ्याच मताविरुद्ध. एक जागा अशी आहे की तिथे हे सगळं उलटं होतं, आणि ती न सांगता लोकांना "ढकला ढकला" सांगणं म्हणजे पाप. समजा चार जण उरलेत, बक्षिसं तिघांना, ५०, ३० आणि २० हजार. चौघांचे स्टॅक सारखे. मग प्रत्येकाची किंमत २५ हजार. आता एकाने सगळं ढकललं आणि माझ्याकडे अठ्ठीची जोडी आहे. कॉल करून जिंकलो तर माझ्या चिप्स दुप्पट होतात, पण माझी किंमत ५० हजार होत नाही. ती होते ३८,३३३, कारण पहिलं बक्षीस एकच असतं आणि दुप्पट चिप्स असल्या तरी मी अजून जिंकलेलो नाही. हरलो तर शून्य. २५ पणाला लावून ३८ मिळवायचे म्हणजे ६५ टक्के तरी खात्री हवी. अठ्ठीला एक्का-राजासमोर आहे ५५. म्हणजे टाकायची, आणि मनातल्या मनात रडायचं. गंमत म्हणजे आमच्या दोघांच्या मारामारीत बाजूला बसलेल्या दोघांची किंमत प्रत्येकी २५ वरून ३०,८३३ होते, चहा पिता पिता. हे गणित मेसन मालमथने १९८७ मध्ये पोकरला लावलं, पण त्यातलं मूळ सूत्र हार्व्हिल नावाच्या संख्याशास्त्रज्ञाचं, १९७३ चं. घोड्यांच्या शर्यतीत दुसरा-तिसरा कोण येईल ते काढायला केलेलं! महालक्ष्मीच्या रेसकोर्सवरचा हिशोब पणजीच्या बोटीवर, असं म्हणायला हरकत नाही.

पण याचीही दुसरी बाजू आहेच. कॉल करायला ६५ लागतात हे चौघांनाही कळत असेल, तर पहिला ढकलणाऱ्याला कोण अडवणार? म्हणजे तीच अठ्ठी, तेच चौघे. मी पहिला असेन तर ढकलायची, दुसरा असेन तर टाकायची. माझ्या बाबतीत तर सतरा उरले होते आणि बक्षिसं दहांना, किनारा अजून लांब होता. ही सबब मला लागू नव्हती. प्रवासात मी ती बराच वेळ लावून बघितली, बसली नाही.

त्याच टुर्नामेंटमध्ये माझ्याबरोबर आलेला आमचा टेस्टर मित्र तेविसावा बाहेर पडला. नऊ ब्लाइंड, बटणाच्या उजवीकडे, सत्तीची जोडी. त्याने एका सेकंदात सगळं ढकललं. बिग ब्लाइंडने एक्क्यांची जोडी दाखवली. हा उठला, सगळ्यांशी हात मिळवले आणि खाली जाऊन फिश करी खाल्ली. मंगलात रात्रभर घोरत होता. मी चौदावा येऊन जागा, तो तेविसावा येऊन घोरतोय. नऊ नंबर वर येऊनही त्या रात्री माझ्यापेक्षा तो चांगला खेळला होता, आणि हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. पनवेलला त्याला उठवून चहा मीच पाजला.

राहता राहिले बाबा. बाबा नाशिकरोडच्या नोट प्रेसमधून रिटायर झाले. उभं आयुष्य ताज्या करकरीत नोटांच्या वासात गेलं आणि त्यातली एकही कधी डावावर लावली नाही. आमच्याकडे पत्ते म्हणजे गोकुळाष्टमीच्या जागरणाला, आजीबरोबर बदाम सात किंवा मेंढीकोट. दिवाळीत मामांकडे तीन पत्ती चालायची तेव्हा बाबा उठून गच्चीत जायचे. गोव्याहून आल्यावर त्यांना सांगावं लागलंच. ते एवढंच म्हणाले, "म्हणजे जुगारच ना रे?"

मी वाद घातला. १९६८ मध्ये सुप्रीम कोर्टाने रमीत बऱ्यापैकी कौशल्य असतं आणि ती तीन पत्तीसारखी निव्वळ नशिबाची नाही असं म्हटलंय, हे सांगितलं. २०१७ मध्ये गुजरात हायकोर्टाने पोकरला जुगारच ठरवलं, हे सांगायचं खरं तर मनात नव्हतं, पण तेही सांगितलं. बाबा म्हणाले, "कोर्टाचं राहू दे. तू सांग. तू हरलास तो नशिबाने की चुकीने?"

"चुकीने."

"मग दाखव कुठे चुकलास ते."

मग शेंगदाण्यांच्या चिप्स झाल्या. बाबांना अकरा दाणे, मला चाळीस, मध्ये अडीच (अर्धा दाणा बाबांनी नीट सोलून केला). पहिल्या अर्ध्या तासात नियम झाले, मग फ्लॉप, मग तो ८७ टक्क्यांचा हिशोब त्यांनी कॅल्क्युलेटरवर स्वतः करून बघितला, कारण माझ्यावर विश्वास नाही. मग वाटायला सुरुवात केली. तीन-चार डाव बाबांनी पत्ते बघून शांतपणे टाकले. पाचव्या डावाला पत्ते बघितले, चष्मा सारखा केला आणि अकराही दाणे तळहाताने एकदम मध्ये सरकवले.

माझ्याकडे बदामची राणी आणि किलवरची दश्शी होती. मी टाकली.

"काय होतं?" बाबांनी विचारलं. मी दाखवलं. त्यांनी आपले पत्ते उलटे केले, सत्तीची जोडी. मग मधले अडीच दाणे उचलले, तोंडात टाकले आणि म्हणाले, "वाट."